परत न फिरणारं पाणी: फुकेतच्या माई खाओ किनाऱ्यावरची एक सकाळ

२६ डिसेंबर २००४, रविवार. नाताळचा दुसरा दिवस आणि थायलंडच्या फुकेत बेटावर पर्यटनाचा ऐन हंगाम. ऊन स्वच्छ होतं, अंदमान समुद्र शांत होता. डिसेंबरात तो असाच असतो. खवळतो तो मे ते ऑक्टोबर, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत. बेटाच्या वायव्य अंगाला, विमानतळाच्या वरच्या बाजूला माई खाओची पुळण आहे. सुमारे अकरा किलोमीटर लांब, सरळ, मागे सपाट जमीन. बेटावरच्याच गजबजलेल्या पातोंग किनाऱ्यासारखी तिथे गर्दी नसते. त्या सकाळी इंग्लंडहून आलेलं एक कुटुंब हॉटेलातून निघून या पुळणीवर फिरत होतं: आई, वडील, दहा वर्षांची टिली स्मिथ आणि तिची धाकटी बहीण.

त्याआधी दोन तास, थायलंडच्या वेळेनुसार ७ वाजून ५८ मिनिटांनी, सुमात्राच्या वायव्य किनाऱ्याजवळ समुद्रतळ फाटला होता. भूकंपाची तीव्रता ९.१ होती. बाराशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात एक भूपट्ट दुसऱ्यावर सरकला आणि वरचं सगळं पाणी जागचं हललं. त्सुनामी उठली ती अशी. फुकेतमध्ये अनेकांना हलका धक्का जाणवला होता. धक्का थांबला, लोक पुन्हा आपापल्या कामाला लागले.

बेटावरच्या सुरक्षिततेबद्दल आपण एकमेकांना जे सांगतो ते बहुतेक वेळा वस्तूंबद्दल असतं. लाइफ जॅकेट घ्या, विमा काढा, औषधं सोबत ठेवा. सगळं बरोबरच आहे. माई खाओवर त्या सकाळी यातल्या कशाचाच उपयोग नव्हता. भोंगा नव्हता, फलक नव्हता, किनारा रिकामा करायला सांगणारं कुणी नव्हतं. तरीही सुमारे शंभर माणसं वेळेत पाण्यापासून दूर गेली आणि त्या पुळणीवर एकही जीव गेला नाही. हे नेमकं कसं घडलं ते पायरीपायरीने पाहिलं, तर बेटावर जाणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं बरंच हाती लागतं.

तिने काय पाहिलं

ही गोष्ट सहसा अशी सांगितली जाते: समुद्र मागे गेला, मुलीने ओळखलं, सगळे पळाले. पुढे टिलीने जे सांगितलं ते मात्र वेगळं आहे. तिला दिसलं ते पाणी मागे जाणारं नव्हतं. ते आत येत होतं आणि परत फिरत नव्हतं. आत, आणखी आत, पुन्हा आत, हॉटेलच्या दिशेने. वर फेस होता, आणि तो तव्यावर टाकलेल्या तेलासारखा चरचरत, बुडबुडत होता.

मला हा तपशील या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. वाऱ्याने उठणारी साधी लाट काही सेकंदांत येते आणि तितक्याच वेळात मागे जाते. त्सुनामीच्या दोन माथ्यांमधलं अंतर वेळेत मोजलं तर दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत असू शकतं. किनाऱ्यावरच्या माणसाला ती लाट म्हणून दिसतच नाही. त्याला दिसतं ते थांबायचं नाव न घेणारं पाणी. टिलीच्या लक्षात आलं ते एवढंच, की समुद्र रोज जे करतो ते आज करत नाही.

फुकेतच्या इतर अनेक किनाऱ्यांवर पाणी आधी मागे गेलं, हेही खरं आहे. सुमात्राच्या बाजूचा समुद्रतळ खचला होता, त्यामुळे पूर्वेकडे, म्हणजे थायलंडकडे, लाटेचा खळगा आधी पोहोचला. फुकेतच्या दक्षिण टोकाशी नांगरलेल्या ‘मर्केटर’ या शिडाच्या नौकेवरच्या खोली मोजणाऱ्या यंत्राने हे टिपलंही: आधी पाणी उतरलं, मग चढलं. पश्चिमेकडे, श्रीलंकेच्या बाजूला, लाटेचा माथा आधी गेला. तिथे अनेक ठिकाणी मागे हटणाऱ्या पाण्याची सूचना मिळालीच नाही. तेव्हा ‘समुद्र मागे गेला तर पळा’ हा नियम अर्धाच आहे. तो पाठ करून गेलेला माणूस पाणी मागे जाण्याची वाट बघत उभा राहील. पाणी अचानक उतरलं, अचानक चढलं, विचित्र फेसाळलं, समुद्राकडून घरघर ऐकू आली किंवा पायाखालची जमीन हलली, यातलं कोणतंही एक पुरे आहे.

तिला हे ठाऊक होतं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला त्सुनामीचा धडा झाला होता. शिक्षकांनी १९४६ साली हवाई बेटांवर आलेल्या त्सुनामीचं चित्रीकरण वर्गात दाखवलं होतं. धड्यातली व्याख्या मुलं विसरतात, हलतं पाणी मात्र डोळ्यांत राहतं.

चार माणसं

टिलीने आईला सांगितलं. आईला ते पटलं नाही. या आईला दोष देण्याचा मोह होतो, आणि तो टाळायला हवा. आकाश निळं, वारा मंद, दूरवर कुणीही घाबरलेलं नाही. त्यात त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणजे भरतीही मोठीच. पाणी थोडं जास्त वर आलं तर शहाण्या माणसाने भरती म्हणावं हे अगदी साहजिक आहे. बेटावरचा पाहुणा तर आणखीच अडचणीत असतो: इथली रोजची भरती किती चढते हे त्याने पाहिलेलंच नसतं. जे नेहमीचं आहे तेच माहीत नसेल, तर वेगळं काय ते कळणार कसं?

मुलगी गप्प बसली नाही. ती ओरडू लागली, शेवटी आपण तरी परत जाणारच म्हणून हटून बसली. तेव्हा वडील तिच्यासोबत मागे फिरले.

वडिलांच्या त्या निर्णयाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्यांना खात्री पटली होती असं नाही. त्यांनी हॉटेलच्या पहारेकऱ्याला गाठलं आणि सांगितलं, की तुम्हाला मी वेडा वाटेन, पण माझ्या मुलीची खात्री आहे की त्सुनामी येणार. परक्या देशात, अनोळखी माणसासमोर, दहा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर आपलं हसं करून घ्यायची तयारी. बहुतेक मोठी माणसं नेमकी याच पायरीवर थांबतात. मुलीला समजावून खोलीत नेतात, तिला थंड काहीतरी पाजतात आणि विषय संपवतात. तसं झालं असतं तर कुटुंब कदाचित वाचलं असतं. पुळणीवरची बाकीची माणसं नाही.

जवळच इंग्रजी येणारा एक जपानी माणूस होता. त्याच्या कानावर ‘त्सुनामी’ हा शब्द पडला. शब्दच मुळी जपानी. त्या देशात तो लहान मुलांनाही माहीत असतो. सुमात्राला भूकंप झाल्याची बातमी त्याने नुकतीच ऐकली होती. मुलगी बरोबर सांगते आहे असं मला वाटतं, असं तो म्हणाला. एका मुलीकडे डोळ्यांनी पाहिलेलं होतं, एका प्रवाशाकडे बातमी होती. दोन्ही वेगवेगळ्या खिशांत राहिल्या असत्या तर दोन्ही वाया गेल्या असत्या.

मग हॉटेलच्या लोकांनी हालचाल केली. त्यांनी वरून आदेश येण्याची वाट पाहिली नाही. पुळणीवरून माणसं उठवली, आत नेली. टिलीची आई अजून बाहेरच होती. तिला धावत यावं लागलं आणि पाणी तिच्या मागोमाग आलं. हॉटेलच्या आवारातल्या खाटा, ताडाची झाडं, जे सापडलं ते सगळं पोहण्याच्या तलावात येऊन पडलं, असं टिलीने नंतर सांगितलं. पाण्याने माई खाओला वगळलं नव्हतं. पुळणीवर तेव्हा माणसं नव्हती, इतकंच.

यंत्रणा कुठे होती

१९४६ च्या ज्या लाटेचं चित्रीकरण टिलीच्या वर्गात दाखवलं गेलं, तिच्यातूनच १९४९ साली पॅसिफिक महासागरासाठी हवाईत इशारा केंद्र उभं राहिलं. २००४ च्या त्या सकाळी या केंद्राला भूकंप कळला आणि साधारण पंधरा मिनिटांत पत्रकही निघालं. त्यात पॅसिफिकला धोका नसल्याचं म्हटलं होतं, आणि ते खरंच होतं. हिंदी महासागरासाठी असं केंद्रच नव्हतं. भूकंपाचा पहिला अंदाजही ८ च्या आसपास होता, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा फारच कमी.

फुकेतला लाट पोहोचायला सुमारे दोन तास लागले. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. चार हजार मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी सातशे किलोमीटरच्या पुढे धावते, पण अंदमान समुद्राचा थायलंडकडचा भाग उथळ आहे. उथळ पाण्यात ती मंदावते आणि उंच होते. किनाऱ्याजवळ दहा मीटर खोलीवरही तिचा वेग ताशी पस्तीस किलोमीटर भरतो. ती डोळ्यांना दिसल्यावर धावत सुटणारा माणूस तिला हरवू शकत नाही. दोन तास म्हणजे तसा भरपूर वेळ. फक्त तो वापरायला कुणी नेमलेलं नव्हतं.

आणि हे कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं असंही नाही. १९९८ मध्ये थायलंडच्या हवामान खात्यातल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने अंदमान समुद्राच्या किनाऱ्याला त्सुनामीचा धोका असल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. पर्यटनाला फटका बसेल म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला सारलं गेलं. २००४ नंतर राष्ट्रीय आपत्ती इशारा केंद्र उभारायला त्यांनाच परत बोलावण्यात आलं. त्या दिवशी थायलंडमध्ये पाच हजारांहून अधिक माणसं मेल्याचं निश्चित झालं, त्यांत निम्म्याच्या आसपास परदेशी पाहुणे होते. फुकेतमध्ये अडीचशेहून अधिक. उत्तरेला मुख्य भूमीवरच्या खाओ लाकमध्ये सर्वांत भयंकर: तिथे समुद्रात उभी असलेली पोलिसांची ‘८१३’ क्रमांकाची गस्ती नौका पाण्याने जवळपास दोन किलोमीटर आत नेऊन टाकली. ती आजही तिथेच आहे, स्मारक म्हणून.

त्याच सकाळी इतर किनाऱ्यांवर

माई खाओचं उदाहरण एकटं घेतलं तर तो चमत्कार वाटतो, म्हणून त्याच्या शेजारी आणखी काही ठेवतो. फुकेतच्याच कमला किनाऱ्यावर स्कॉटलंडहून आलेल्या एका विज्ञानशिक्षकाने मागे हटणारं पाणी ओळखलं आणि बसभर पर्यटक व स्थानिक माणसं उंचावर नेली. उत्तरेकडच्या सुरिन बेटांवर समुद्रावर जगणारे मोकेन लोक राहतात. माणसं गिळणाऱ्या ‘लाबून’ लाटेच्या गोष्टी त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. पाणी विचित्र वागताना दिसताच ते टेकडीवर चढले आणि हाताशी असलेल्या पाहुण्यांनाही घेऊन गेले.

सर्वांत थक्क करणारं उदाहरण इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटाचं. भूकंपाचं केंद्र या बेटाला लागूनच होतं आणि पहिली लाट काही मिनिटांतच आली. कुठलीही यंत्रणा इतक्या वेळात इशारा देऊ शकली नसती. १९०७ मध्ये तिथे अशीच लाट येऊन मोठा संहार झाला होता. तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना ‘स्मोंग’ सांगत आले: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला, की डोंगराकडे पळा. बेटावर सुमारे ७८ हजार लोक होते. त्यांतले सात गेले.

यात शाळेतला धडा, जमातीची कथा आणि आजीची गोष्ट असे तीन वेगळे उगम आहेत, पण काम एकाच पद्धतीने झालं. कुणीतरी आधी सांगून ठेवलं होतं, आणि वेळ आल्यावर ऐकणाऱ्याने खात्री करत बसण्यापेक्षा हलणं पसंत केलं. पाहुण्याला अशी आजी नसते. तो सुट्टी घेऊन चार-पाच दिवसांसाठी आलेला असतो, त्याला त्या समुद्राचा इतिहास कुणी सांगत नाही, आणि सहल विकणाऱ्याला तो सांगण्यात रस नसतो. ही उणीव त्याने स्वतः भरून काढायची असते.

मी काय करतो, आणि का

बेटावर पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी पुळणीवरून उंच जागेपर्यंत एकदा चालून यावं. नुसता नकाशा पाहू नये. फुकेतमध्ये आता निळे-पांढरे फलक लावलेले आहेत, लाटेपासून चढावर पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेले. बाणाच्या दिशेने खरोखर चालत गेलं की वाट कुठे अरुंद होते, कुठे कुंपण आहे, मुलांना घेऊन किती मिनिटं लागतात हे कळतं. माई खाओसारख्या सपाट भागात टेकडी जवळ नसते. तिथे भक्कम काँक्रीटच्या इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याहून वरचा, कुठल्या जिन्याने, हे पाहून ठेवावं. मुलांना सोबत न्यावं आणि खरं कारण सांगावं. ती घाबरतात हा आपला समज आहे. टिली घाबरली होतीच, आणि त्या भीतीनेच तिने आरडाओरडा केला.

पहिली लाट ओसरल्यावर खाली उतरायचं नाही, हे घरच्या सगळ्यांशी आधीच ठरवून ठेवावं. फुकेतला त्या दिवशी एकामागून एक लाटा आल्या, आणि पहिली सर्वांत मोठी असते असा काही नियम नाही. दोन लाटांच्या मधल्या वेळात कुणी सामान आणायला, कुणी फोटो काढायला, कुणी उघड्या पडलेल्या तळावरचे मासे वेचायला जातं. काही तास वरच थांबायचं. फोन लागत नसेल तर घरच्यांनी कुठे भेटायचं तेही आधी ठरलेलं असावं, म्हणजे एकमेकांना शोधायला कुणी पाण्याकडे जाणार नाही. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, रुग्णवाहिकेचा १६६९. दोन्ही कागदावर लिहून खिशात ठेवावेत.

आता एक कबुली: बेटावर जाणाऱ्या बहुतेकांची गाठ त्सुनामीशी कधीच पडणार नाही. रोजचे धोके वेगळे आहेत. भाड्याची स्कूटर आहे. पावसाळ्यात फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडे खेचून नेणारा प्रवाह आहे, रिप करंट म्हणतात तो. पण हा प्रवाहही त्याच जातीचा फसवा आहे: दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधे एक पट्टा शांत, गुळगुळीत दिसतो. अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. लाल झेंडा लागला असेल तर पाण्यात जायचं नाही, आणि ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झटापट न करता आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. इथेही रोजच्यापेक्षा वेगळं दिसणारं पाणी काय सांगतंय ते विचारायचं, आणि विचारायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे जीवरक्षक. पोहोचल्या दिवशीच त्याला विचारावं: भरती इथे कुठपर्यंत येते, ओढ कुठे लागते? लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

माई खाओची उलटी बाजू त्याच बेटाने चौदा वर्षांनी दाखवली. ५ जुलै २०१८ रोजी ‘फिनिक्स’ ही पर्यटक बोट फुकेतजवळ वादळी समुद्रात बुडाली आणि ४७ चिनी प्रवासी गेले. २००४ मध्ये इशारा नव्हता. २०१८ मध्ये होता: हवामान खात्याने उंच लाटांची सूचना दिली होती, तरी बोट निघाली. सहलीचे पैसे भरलेले असतात, सुट्टी मोजून आणलेली असते, सगळे चढत असतात. अशा वेळी धक्क्यावर थांबून ‘आज आम्ही येत नाही’ म्हणणारा माणूस सहप्रवाशांना चक्रम वाटतो. टिलीच्या वडिलांनी पहारेकऱ्यासमोर जे केलं तेच त्याला करायचं असतं, आणि तेही आपलं म्हणणं खरं ठरेल याची हमी नसताना. बोट सुखरूप परतलीच तर दिवसभर हसं सोसावं लागतं. ते सोसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिंदी महासागरात आता इशारा यंत्रणा आहे. ऑस्ट्रेलिया, भारत आणि इंडोनेशिया ही २०११ पासून तिची मुख्य केंद्रं; भारताचं केंद्र हैदराबादला आहे. ११ एप्रिल २०१२ च्या दुपारी साडेतीनच्या सुमारास सुमात्राजवळ पुन्हा ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. फुकेतमध्ये इशारा दिला गेला, किनारे रिकामे झाले, विमानतळ काही काळ बंद राहिला आणि माणसं, पाहुणे आणि गावकरी दोन्ही, टेकड्यांवर चढली. भूपट्ट यावेळी एकमेकांना घासत आडवे सरकले होते, त्यामुळे पाणी फारसं उचललं गेलं नव्हतं. जी लाट आली ती अगदी छोटी होती. काही तासांनी इशारा मागे घेतला गेला आणि लोक खाली उतरून आपापल्या खोल्यांवर गेले.